पंचाहत्तर इंचांचा हट्ट आणि आईंची तक्रार

पत्र : "आमच्या ३२ इंची टीव्हीला अकरा वर्षं झाली. आता मोठा घ्यायचं ठरलंय, पण त्यापुढे घरात एकमत नाही. मला ७५ इंची हवा आहे. बायको म्हणते ५५ पुष्कळ झाला, हॉलचं थिएटर करायचं नाहीये. मुलाचं म्हणणं, कितीही इंची घ्या पण ओएलईडीच घ्या. आई म्हणते, काही नको, आहे तोच बरा, नाहीतरी हल्ली त्यात कोण काय बोलतंय ते मला कळत नाही. टीव्ही दार आणि कपाट यांच्या मधल्या भिंतीवर येईल, ती पाच फूट तीन इंच रुंद आहे. समोर सोफा, बसल्यावर डोळ्यांपासून भिंत साडेआठ फूट. सोफ्यामागे मोठी खिडकी. आई दिवसभर बातम्या आणि जुन्या मालिका लावते, कपाटाच्या बाजूला कडेला असलेल्या आरामखुर्चीतून. आम्ही रात्री सिनेमे बघतो, सुट्टीच्या दिवशी सामने. काय घ्यावं? की आणखी वर्षभर थांबावं?"

नमस्कार,

तुमच्या घरातलं निम्मं भांडण तुमच्या भिंतीनेच मिटवलंय, पण ते तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. टीव्हीचे इंच रुंदीचे नसतात, कर्णाचे असतात; पडद्याच्या एका कोपऱ्यापासून तिरप्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत. हल्लीच्या टीव्हींचा पडदा १६:९ या प्रमाणातला असल्यामुळे हिशेब सोपा आहे. इंचांना २.२ ने गुणलं की रुंदी साधारण सेंटिमीटरमध्ये मिळते. ७५ इंची पडदा १६६ सेंमी रुंद भरतो, वर थोडी चौकट. तुमची पाच फूट तीन इंचांची भिंत १६० सेंमी. तो तिथे बसतच नाही! सहा-सात सेंटिमीटर टीव्ही दाराच्या चौकटीवर आलेला चालणार असेल तर प्रश्न नाही, पण मग ते दार कुणी आणि कसं लावायचं ते आधी ठरवा.

एक मात्र सांगतो, तुमचा हट्ट चुकीचा नव्हता. भिंत रुंद असती तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो. मोठा टीव्ही जवळून बघितला की डोळे बिघडतात, ही समजूत डबा टीव्हीच्या काळातली आहे आणि ती तेव्हाही फारशी खरी नव्हती. खरं मोजायचं असतं ते पडदा आपल्या नजरेचा किती कोन व्यापतो ते. सिनेमा बघायला साधारण ३० अंश हवेत, आणि थिएटरात बसल्यासारखं वाटायला हवं असेल तर ४० च्या आसपास. टीव्ही भिंतीपासून थोडा पुढे येतो हे धरून तुमचं अंतर अडीच मीटर होतं. तेवढ्यावरून तुमचा सध्याचा ३२ इंची फक्त १६ अंश व्यापतो. म्हणजे अकरा वर्षं तुम्ही सिनेमा खिडकीच्या फटीतून बघताय. ५५ इंचीला २७ अंश येतात, ६५ ला ३२, आणि ७५ ला ३७.

तेव्हा ६५. हा मधला आकडा निवडून मी दोघांनाही खूश करतोय असं वाटू देऊ नका. तुमच्या अंतराला ५५ थोडा कमी पडतो, ७५ भिंतीला पेलत नाही, आणि ६५ चा पडदा १४४ सेंमी रुंद, ८१ सेंमी उंच आहे. दोन्ही बाजूंना सात-आठ सेंटिमीटर मोकळे राहतात. ५५ आणि ६५ मधला दहा इंचांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण क्षेत्रफळात ६५ चा पडदा ४० टक्क्यांनी मोठा भरतो. आणि तुमच्या आताच्या ३२ पुढे तो चौपट.

बायकोच्या म्हणण्यात तथ्य आहे, ते उडवून लावू नका. तुम्ही चालू टीव्हीबद्दल बोलताय, तुमच्या पत्नी बंद टीव्हीबद्दल बोलताहेत. बंद टीव्ही म्हणजे भिंतीवरचं जवळजवळ सव्वा चौरस मीटरचं काळं पाट्यासारखं काहीतरी, आणि ते रोज बघायचं असतं. यावर उपाय एकच आहे : वर्तमानपत्रं जोडून १४४ बाय ८१ सेंमीचा कागद कापा, योग्य उंचीवर भिंतीला चिकटवा आणि चार दिवस तसाच राहू द्या. पहिल्या दिवशी तो राक्षसी वाटेल. चौथ्या दिवशी वाटतो का ते त्यांना विचारा, स्वतःला नको.

योग्य उंची म्हणजे किती, हेही इथेच सांगतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. टीव्ही फोटोच्या फ्रेमसारखा वर टांगतात. उभं राहून बघताना तो छान दिसतो, पण बघायचा असतो बसून. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंमीवर असतात आणि पडद्याचा मध्य तिथेच यायला हवा. ६५ इंचीची खालची कड त्या हिशेबाने जमिनीपासून जेमतेम ६५ सेंमीवर येते. बसवायला आलेला माणूस म्हणेल, "एवढा खाली?" तुम्ही म्हणायचं, "हो, एवढाच." नाहीतर दोन तासांचा सिनेमा संपल्यावर मान सांगेल. भिंत विटांची आहे की पोकळ पार्टिशन, हे मात्र त्याला आधी दाखवा. २०-२५ किलो वजन आहे, आणि प्रत्येक भिंतीला वेगळा खिळा लागतो. प्लगचा पॉइंट टीव्हीच्या मागे लपेल असा घ्या, एकाच्या जागी तीन घ्या.

भिंतीवर न लावता टेबलावर ठेवणार असाल, तर पाय मोजा. मोठ्या टीव्हींचे पाय बऱ्याचदा दोन टोकांना असतात. मी स्वतः हे न बघता टीव्ही आणला आणि तो टेबलापेक्षा रुंद पायांचा निघाला. नवं टेबल येईपर्यंत तीन आठवडे तो जमिनीवर भिंतीला टेकून उभा होता आणि आम्ही गादीवर लोळून बघत होतो. मुलांनी तो काळ फार सुखात घालवला.

आता तुमच्या मुलाचा ओएलईडी. चित्र म्हणून त्याचं म्हणणं बरोबर आहे. साध्या एलईडी टीव्हीत पडद्यामागे दिवे असतात आणि पुढचा एलसीडीचा थर तो प्रकाश अडवतो किंवा सोडतो. अडवला तरी थोडा झिरपतोच, म्हणून रात्रीच्या दृश्यात काळा रंग राखाडी दिसतो. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे खरोखर काळा. कडेला बसून बघितलं तरी रंग फारसे उतरत नाहीत. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघणाऱ्या माणसाला मी डोळे मिटून ओएलईडी सांगितला असता. (दुकानातल्या पाटीवर "क्यूएलईडी" दिसलं तर गफलत करू नका. नावात एका अक्षराचा फरक असला तरी तो आतून एलसीडीच आहे, मागे दिवे असलेला; फक्त रंग खुलवणारा एक जादा थर त्यात असतो.)

पण तुमच्या घरात टीव्हीचा खरा मालक कोण आहे? रोजचे सर्वाधिक तास कुणाचे? आईंचे. आणि आईंचं वाहिनीवरचं आयुष्य म्हणजे खाली अखंड धावणारी बातम्यांची पट्टी, कोपऱ्यात तेच बोधचिन्ह, वर तीच लाल चौकट, दिवसाचे सहा-आठ तास. ओएलईडीचे ठिपके वापराने झिजतात. एकच आकृती महिनोन्महिने एकाच जागी उजळत राहिली तर तिथले ठिपके जास्त झिजतात आणि तिची पुसट सावली पडद्यावर कायमची राहू शकते. नव्या संचांत यावर बरेच उपाय केलेले असतात, आणि चारचौघांसारखा वापर असेल तर मी ही भीती घालणार नाही. पण तुमच्या घरचा वापर चारचौघांसारखा नाही. त्यात सोफ्यामागची खिडकी. दिवसा ती समोरच्या पडद्यात अख्खी दिसणार, आणि अशा उजेडाशी झुंजायला जास्त प्रखर पडदा लागतो.

म्हणून माझं मत मिनी एलईडीला. तो परवडत नसेल तर निदान असा एलईडी, ज्याचे दिवे पडद्याच्या कडेला नसून पूर्ण मागे पसरलेले आहेत आणि विभागवार मंद होतात. माहितीपत्रकात याला "फुल अ‍ॅरे लोकल डिमिंग" म्हणतात. दृश्याचा जो भाग काळा, तिथले दिवे उतरतात, त्यामुळे रात्रीची दृश्यं बरीच सुधारतात. मिनी एलईडीत हेच दिवे बारीक आणि संख्येने खूप जास्त असतात, म्हणून काम जास्त नेमकं होतं. मुलाला सांगा, ओएलईडीच्या पाऊण वाटेवर आहोत. खोक्यावर "एचडीआर" (म्हणजे उजेड आणि अंधार यांतला जास्त फरक दाखवणारं चित्र) लिहिलंय एवढ्यावर भुलू नका. त्याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच की तसा सिग्नल संच स्वीकारतो. त्यातली लखलख दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे असेलच असं नाही. नोंदवलेली प्रखरता तीन-चारशे निट्सची (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) असेल तर एचडीआर नावापुरताच. हजाराच्या पुढे असेल तर फरक न सांगता कळतो.

यात एक अडचण मी लपवणार नाही. अशा बऱ्याच एलसीडी पडद्यांत व्हीए जातीचं पॅनल असतं. समोरून ते फार छान दिसतं, कडेने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस जातीचं पॅनल कडेने बरं दिसतं, पण त्याचा काळा रंग कमजोर. आई कडेला बसतात, म्हणून तुम्ही आयपीएसच्या मागे लागाल. नका लागू. खुर्ची सरकवा. खुर्ची सरकवणं हा टीव्ही बदलण्यापेक्षा सोपा उपाय आहे, आणि का कोण जाणे, तो कुणालाच सुचत नाही. आरामखुर्ची कपाटाकडून मध्याच्या जवळ आणि दोन फूट पुढे आणा. खिडकीला जाड पडदाही लावून टाका. या दोन गोष्टींनी जितका फरक पडेल तितका वरच्या मॉडेलनेही पडणार नाही.

खुर्ची पुढे आणण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि त्यासाठीच मी हे पत्र निवडलं. "कोण काय बोलतंय ते मला कळत नाही." तुम्ही हे वाक्य आईंच्या नकारात धरून पुढे गेलात. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच, आणि नुसता नवा टीव्ही आणलात तर ही तक्रार कमी न होता वाढेल.

कारण साधं आहे. पडदे मोठे झाले तसे संच पातळ झाले, आणि पातळ खोक्यात चांगला स्पीकर मावत नाही. बहुतेक संचांत छोटे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. आवाज आधी भिंतीवर किंवा टेबलावर आपटतो, मग तुमच्याकडे येतो. संगीत, गाड्या, स्फोट यांचं त्यात काही बिघडत नाही. बिघडतात ते शब्द. त्यात वय वाढलं की कान आधी वरच्या पट्टीचे, बारीक आवाज गमावतात, आणि स, श, फ, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख नेमकी तिथेच असते. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. म्हणून आई "ऐकू येत नाही" म्हणत नाहीत, "कळत नाही" म्हणतात. शब्द अगदी तोलून वापरलाय त्यांनी. रिमोटवर आवाज वाढवला की स्वरही वाढतात, मागचं संगीतही वाढतं, घरातले बाकीचे ओरडतात, आणि शब्द होते तिथेच राहतात.

तेव्हा पैशांची विभागणी बदला. ७५ वरून ६५ वर आल्याने जे वाचले ते साउंडबारमध्ये, म्हणजे टीव्हीखाली बसणाऱ्या लांबट वेगळ्या स्पीकरमध्ये, घाला. त्यातही खालचे मोठे धडधडणारे डबे आणि आकडे बघत बसू नका. बघायचं एवढंच, की मधोमध संवादांसाठी वेगळा स्पीकर आहे का. सिनेमांचा ध्वनी डावी, उजवी, मधली अशा वेगळ्या वाहिन्यांत विभागलेला असतो आणि बोलणं बहुतांशी मधल्या वाहिनीत असतं; तिला स्वतःचा स्पीकर मिळाला की ते गर्दीतून बाहेर येतं. मधल्या वाहिनीचा आवाज स्वतंत्रपणे वाढवता येत असेल तर उत्तमच. शिवाय संवाद उठावदार करणारं एक बटण बऱ्याच साउंडबारना असतं. रात्रीसाठीचा मोडही बघा : मोठे आवाज दाबतो, बारीक उचलतो. तो नावाने रात्रीचा असला तरी आईंसाठी दिवसभर चालू ठेवायला हरकत नाही. जोडणी टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खोबणीवर "एआरसी" किंवा "ईएआरसी" लिहिलंय तिथेच करा, म्हणजे आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमीजास्त होईल. दुसरा रिमोट आला की आई साउंडबार कधीच चालू करणार नाहीत, हे मी पैजेवर सांगतो.

दुकानात आईंना घेऊन जा. चित्र दाखवायला नाही. विक्रेत्याला बातम्या किंवा एखादी मालिका लावायला सांगा, आईंना पडद्याकडे पाठ करून बसवा आणि ऐकलेलं वाक्य परत म्हणायला सांगा. ज्या साउंडबारवर त्या न अडखळता म्हणतील तो तुमचा. एकाही साउंडबारवर जमलं नाही, तर टीव्हीच्या आधी कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. हे मी वाईट बातमी म्हणून सांगत नाही; बऱ्याच घरांत टीव्हीमुळेच ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात येते.

आईंच्या जुन्या मालिकांबद्दल आधीच सावध करतो. त्या ज्या काळात बनल्या तेव्हाचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. फोर के पडद्यावर ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख ठिपके असतात. एका ठिपक्याचे वीस करून टीव्ही ती जागा भरतो, अंदाजाने. ३२ इंचांवर जे बरं दिसत होतं ते ६५ वर धुरकट दिसेल आणि आई म्हणतील, "बघ, मी सांगत होते." तेव्हा दोन गोष्टी तपासा. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय केबलनेच जोडलाय ना; लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन वायरींनी जोडलेला असेल तर त्या आधी काढा. आणि जुनं चौकोनी चित्र ताणून पडदाभर केलेलं नाही ना. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले तर येऊ द्या, नायिका निदान आडवी सुटलेली दिसणार नाही.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी सेटिंग बदला. कारखान्यातून किंवा दुकानातून बऱ्याचदा "व्हिव्हिड" मोड येतो : निळसर पांढरा, भडक, झगझगीत दिव्यांखाली शेजारच्या संचाला हरवण्यासाठी बनवलेला. तो बदलून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. आधी चित्र पिवळट वाटेल, दोन-तीन दिवसांत डोळे सरावतात, आणि मग जुना मोड लावलात तर माणसं आजारी दिसायला लागतात. शार्पनेस खाली आणा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय सिनेमाला बंद ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, आणि ही सोय मधली चित्रं स्वतःच्या मनाने घालते. मग मोठ्या पडद्यासाठी चित्रित केलेलं दृश्यही मालिकेसारखं दिसतं. सामन्यांना हवी तर ठेवा, चेंडू थोडा स्पष्ट दिसतो.

बसवणारा माणूस जाण्याआधी एकरंगी राखाडी चित्र लावून डाग-पट्टे बघा, खोली अंधारी करून कोपऱ्यांतून उजेड झिरपतोय का बघा. संच आडवा झोपवू नका, खोकं लगेच टाकू नका. टीव्हीतलं ॲपवालं सॉफ्टवेअर पडद्याच्या आधी म्हातारं होतं, पण त्यावरून मॉडेल निवडू नका. पुढे एखादी छोटी स्टिक लावून ते काम भागतं.

राहिला थांबण्याचा प्रश्न. दर वर्षी काहीतरी नवं येतंच, आणि दुकानात आता ८के ची पाटी दिसेल. त्यात ३ कोटी ३२ लाख ठिपके असतात. ६५ इंचांच्या फोर के पडद्यावरच एक ठिपका ०.३७ मिलिमीटरचा असतो, आणि निरोगी डोळ्याला तो सव्वा मीटरच्या पलीकडून सुटा दिसत नाही. तुम्ही अडीच मीटरवर बसता. त्यासाठी थांबायचं असेल तर सोफाही पडद्याजवळ न्यावा लागेल. आणि वर्षभर थांबायचं म्हणजे आईंनी आणखी वर्षभर न कळणाऱ्या मालिका बघायच्या.

टीव्हीची ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन ती भिंत एकदा परत मोजा. पाच फूट तीन इंच दाराच्या चौकटीच्या आतल्या कडेपासून धरलेत की बाहेरच्या, ते पत्रावरून समजत नाही, आणि ६५ साठी तुमच्याकडे दोन्ही बाजूंना मिळून शिल्लक आहेत फक्त पंधरा-सोळा सेंटिमीटर.